राणीच्या आवाजाखालचा आवाज

माझ्या नोकरीत मला खरं तर एकच गोष्ट ऐकायची असायची: आत गेलेली माणसं परत आली की नाही. दिसायचं काहीच नाही. माझ्या केबिनला एक खिडकी होती, पण ती खाडीच्या बाजूला उघडायची. तिच्यातून चिखल, तिवरं आणि पलीकडे ठाण्याच्या इमारतींच्या पाठी दिसत. माणसं दुसऱ्या बाजूला असत, पत्र्याच्या भिंतीआड, अंधारात.

या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. जिथे निवृत्त स्टेशनमास्तर आणि डॉक्टर लिहितात, तिथे अठ्ठावीस वर्षांच्या बाईने काय लिहायचं? शिवाय माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही. पण मी केलेलं काम आता कोणी करत नाही आणि ती जागाही राहिलेली नाही. कळव्याच्या बाजूला जिथे आधी मिठागरं होती आणि मग आमचा पार्क होता, तिथे आता सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत. तिथे राहणाऱ्यांना उगाच काही वाटू नये म्हणून पार्कचं नाव लिहीत नाही.

पार्क म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक आकाशपाळणा, टक्कर मारायच्या गाड्या, घसरगुंड्या, कॅन्टीन आणि 'खाडीची गुहा'. मालक तिथलेच, पिढीजात मिठागरवाले. सगळे त्यांना शेठ म्हणत. ते एकदा पुतण्याकडे आखातात गेले होते. तिथे अंधारातून होड्या जातात असा खेळ बघून आले आणि म्हणाले, "होऱ्या आनि अंधार आपल्याकरं काय कमी हाय?"

मला घेतलं ते इंग्रजी घोषणांसाठी. इंग्रजीतून सांगितलं की लोक रांगेत नीट उभे राहतात, असं शेठचं मत होतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते. खोपटला एसटी डेपोच्या मागे राहायचे आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या तळहातांना घाम यायचा. पण बंद केबिनमध्ये माइकवर बोलायला काही वाटेना. माइक आपल्या तोंडाकडे बघत नाही. पुढे गुहेची टेप वाजवायचं कामही माझ्याकडे आलं आणि हळूहळू तेच मुख्य काम झालं.

गुहा म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. आत सिमेंटचा वळणावळणाचा पाट, त्यात गुडघाभर पाणी. एकामागे एक बांधलेल्या तीन होड्या, त्यात बारा माणसं. पाण्याखालून एक तार त्यांना ओढत न्यायची, माणूस रमतगमत चालेल त्या वेगाने. आत कागदाच्या लगद्याची तिवरं होती, एक मोठा खेकडा होता आणि एक उलटी पडलेली होडी होती, जिच्या खाली कंदील जळत असायचा. बल्ब सगळे बारीक, त्यांना निळा रंग फासलेला. भर दुपारी बारा वाजता आत स्वतःचा हात दिसायचा नाही. शेवटचा पट्टा पूर्ण रिकामा होता, कारण शेठचा लगदा आणि उत्साह दोन्ही तिथवर संपले होते. चाळीस सेकंद काहीच नाही. लोक खेकड्याला हसायचे आणि त्या चाळीस सेकंदांत शेजाऱ्याचा हात धरायचे.

या सगळ्यावर एक टेप वाजायची. तिची कॅसेट वेगळी होती. फितीचा शेवट सुरुवातीला जोडलेला, त्यामुळे ती संपायची नाही, गोल फिरत राहायची. सात मिनिटांची एक फेरी, सात मिनिटांची फीत. होड्या सुटताना मी बटण दाबायचे, परत आल्या की थांबवायचे. अशी कॅसेट इथे मिळत नसे. पुतण्याने एकच पाठवली होती.

टेपवरचा आवाज हिराबाईंचा होता.

हिराबाई कळव्याच्या कोळी. पूर्वी शेठच्या घरी मासे पोचवायच्या, मग पार्कच्या साफसफाईवर देखरेख करायच्या. शेठनी आधी मुंबईहून एक जाड आवाजाचा माणूस आणून टेप करून घेतली होती. चाचणीच्या दिवशी हिराबाई धक्क्यावर झाडत होत्या. त्या झाडू टेकवून, खाडीकडे बोट करत म्हणाल्या, "ह्यो कोन बोंबलतंय? खारीन असं कोन बोलत नाय."

शेठ म्हणाले, "मंग तू बोल."

"बोलते की."

माझा पहिलाच महिना होता. हिराबाई माझ्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, हातात कागद नाही, काही नाही. मी बटण दाबलं. त्या हलक्या आवाजात, शेजारी बसलेल्या पोरीशी बोलावं तशा सात मिनिटं बोलल्या. "बस गो बाय, होरीन बस. पाय आतमदी घे. पान्यान हात नको घालू. खारी आपली हाय, पन तिची मानसा वेगली हान. कोनी नाव घेऊन हाक मारली त मागं नको बगू." पुढे खेकड्याचं, उलट्या होडीचं. आणि शेवटी, रिकाम्या पट्ट्यात: "कोन कोन परत आयलं? आवाज द्या. एकेकानं आवाज द्या, मंगच उतरा."

टेप बंद केल्यावर मी विचारलं, हे शेवटचं काय होतं.

"आमच्या आयची सवय. होरी लागली का ती बंदरावर उभी ऱ्हायची. एकेकानं आवाज द्यायचा, मंग उतरायचं. सगल्यांचे आवाज आले का ती घरी जायची. एक जरी कमी असला त नाय जायची. एकदा तीन दिवस उभी होती."

"मग?"

"मंग काय. लोकांनी धरून घरी नेली."

शेठना ते शेवटचं वाक्य काढून टाकायचं होतं. मीच सांगितलं, राहू द्या. त्यात माझा फायदा होता. मला केबिनमधून होड्या दिसत नसत. आत बारा गेले असं तिकीटवाल्याने सांगितलं की शेवटी मी कान देऊन मोजायचे. 'आलो', 'आले', 'आलो रे बाबा', 'मम्मी पण आली' असे बारा आवाज झाले की फाटकाची कळ दाबायची. मग धक्क्यावर सुगंधा होड्या धरून लोकांना उतरवायची. तीन वर्षांत आत कोणी राहिलं, उतरलं, हरवलं असं झालं नाही.

सुगंधा हिराबाईंची मुलगी, माझ्याच वयाची. ती मला नावाने हाक मारायची नाही, 'टेप' म्हणायची. "ए टेप, डब्यात काय हाय? परत बटाटा? तुमच्या इंग्लिशमदी दुसरी भाजी नाय का?" मी तिच्याशी जेवढं बोलायचे तेवढं घरीसुद्धा बोलत नसे.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण ती लिहिली नाही तर पुढचं कळणार नाही. मला त्या आवाजाची लाज वाटायची. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी एकदा पार्कमध्ये आल्या. गुहेतून बाहेर आल्यावर एकीने हसत विचारलं, "हू इज दॅट फिशरवुमन?" मी म्हटलं, माहीत नाही. हिराबाई चार पावलांवर पाण्याचा नळ दुरुस्त करून घेत होत्या.

पुढच्या वर्षी हिराबाई गेल्या. कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपलं. गुहा एक दिवस बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं आणि दाबल्यावर लक्षात आलं की सुगंधा धक्क्यावर आहे. "बस गो बाय, होरीन बस." मी बाहेर येऊन बघितलं, सुगंधा दोरी धरून उभी होती. तिने होडी सोडली.

त्या दिवसापासून ती शेवटच्या पट्ट्याच्या वेळी बोगद्याच्या तोंडाशी येऊन उभी राहायची. मला वाटायचं तिला त्रास होत असेल. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "आईचा एकच फोटो हाय. कोनाच्यातरी लग्नातला. त्यात ती पदराने तोंड पुसतेय. तोंडच नाय दिसत." मग म्हणाली, "ही टेप कधी बंद केली ना, तर मला दे. दुसरं काय नको."

"देईन."

"विसरशील."

"नाही विसरणार."

आता राणीबद्दल. त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची. समुद्राखाली काचेचा महाल, त्यात राणी स्फटिका. ती बोलायला लागली की पाण्यातले मासे जागच्या जागी थांबायचे. मी कॉलेज संपवलेली मुलगी, पण त्या अर्ध्या तासात मला घरात कोणी हाक मारलेली चालायची नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर मी तिचा मुकुट काढायचे. राणीला कोणी काही विचारलं तर ती उत्तर देण्याआधी पूर्ण तीन सेकंद गप्प राहायची आणि सगळे थांबायचे. माझ्यासारख्या मुलीला हे किती आवडेल याची कल्पना करा.

पार्कची गर्दी कमी होत होती. लांब कुठेतरी मोठे पार्क निघाले होते, लोक बस करून तिकडे जायला लागले होते. एका दुपारी शेठ केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "तुमी कॉन्वेंटच्या पोरी काय बगता गं टीव्हीवर?" मी कधी कोणाला मत सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी दहा मिनिटं बोलले. महाल कसा आहे, मासे कसे थांबतात, खेकड्याच्या जागी काय ठेवता येईल. शेठ खुर्ची ओढून ऐकत बसले. माझं बोलणं कोणीतरी खुर्ची ओढून ऐकतंय याचीच मला इतकी धुंदी चढली, की राणी आली तर हिराबाईंचा आवाज जाणार हे मला आठवलंही नाही.

महिन्याभराने मुंबईहून एक माणूस राणी वापरायच्या परवानगीचं पत्र, तिचे फोटो आणि तिच्या आवाजाची कॅसेट घेऊन आला. पत्रावर शिक्का होता. तो कसला हे मी विचारलं नाही, शेठनीही विचारलं नसावं.

राणीची मूर्ती कल्याणच्या एका गणपती घडवणाऱ्या मूर्तिकारांनी केली. त्यांनी फोटो बघून मुकुट, काचेचा झगा, सगळं हुबेहूब केलं. डोळे मात्र सवयीप्रमाणे शेवटी आखले आणि आखताना आम्हाला सगळ्यांना शेडबाहेर काढलं. आत जाऊन बघते तर डोळे देवीचे. टीव्हीवरची राणी कोणाकडेच बघायची नाही, ही सगळ्यांकडे बघायची. निळ्या दिव्यात होडी वळली तरी तिची नजर आपल्यावरून निघत नाही, असं बसून आलेले सांगत. लहान मुलं तिच्यासमोर हात जोडून गप्प बसतात, असंही.

राहिली टेप. मुंबईच्या माणसाने आणलेली कॅसेट साधी होती. ती आमच्या एकुलत्या गोल फितीवर उतरवायची म्हणजे खालचं सगळं जाणार. मला सुगंधाला दिलेला शब्द आठवत होता. मी हिराबाईंची कॅसेट घेऊन खोपटच्या एका कॅसेटच्या दुकानात गेले, एका साध्या कॅसेटवर तिची प्रत करून मागितली. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, त्यात आमच्या इमारतीतली दोघं. दुकानदाराने प्रत केली आणि विचारलं, "लावून दाखवू?" त्याचा हात मोठ्या स्पीकरच्या बटणावर होता. त्या स्पीकरवरून तो आवाज येणार, ती बोली, आणि हे सगळे वळून माझ्याकडे बघणार. मी म्हटलं, "नको. ठीक असेल."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या जुन्या टेपडेकवर राणीचा आवाज त्या गोल फितीवर चढवला. राणी सहा मिनिटं आणि काही सेकंद बोलत होती. उरलेल्या भागावर मी नुसतीच शांतता चढवली. रिकाम्या पट्ट्यात तसंही काही नव्हतं.

प्रत सुगंधाला दिली तेव्हा तिने ती पदराला पुसून ब्लाउजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती केबिनच्या दारात आली. रागावलेली नव्हती. कॅसेट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "यात काय नाय. दोन्ही बाजू ऐकल्या. नुसतं घरघर."

मी काहीतरी बोलले. दुकानदार, वायर सैल असेल, असं काही.

"तू ऐकली नव्हती?"

"नाही."

"का?"

मी कॅसेट उचलून उलटसुलट करत राहिले. ती कामाला गेली. त्यानंतर तिने मला 'टेप' म्हणणं बंद केलं. काहीच म्हणणं बंद केलं.

गर्दी मात्र वाढली. कल्याण-डोंबिवलीहून लोक यायला लागले आणि ते आमच्याकडे पाहुणे म्हणून येत नव्हते, तपासायला येत होते. डोंबिवलीच्या एक बाई तीनदा आल्या आणि तीनदा तक्रार लिहून गेल्या: मुकुटात सात खडे हवेत, तुमच्याकडे सहा आहेत. त्यांचं बरोबर होतं. एका मुलाने बाहेर आल्यावर वडिलांना सांगितलं, "टीव्हीवर जास्त चांगली आहे." तेही बरोबर होतं. मालिकेची मी स्वतः भक्त, त्यामुळे मला हे कळायला वेळ लागला. राणीला लोक घरून ओळखून यायचे, म्हणून ती काय म्हणते ते ऐकायचे नाहीत. ते तिच्याबरोबर बोलायचे, तिची वाक्यं तिच्याआधी म्हणून टाकायचे. हिराबाई कोण हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून लोक पाय आत घ्यायचे आणि कान द्यायचे. एक अनोळखी बाई पाण्यात हात घालू नको म्हणते, तेव्हा ती खरंच तसं म्हणत असू शकते.

आता मोजायचं काम माझ्याकडे नव्हतं. सुगंधा धक्क्यावर डोकी मोजून फाटक उघडायची. मी बटण दाबायचे आणि खाडीकडे बघत बसायचे.

असे दोन आठवडे गेले असतील. डोंबिवलीच्या एका बालवाडीची सहल आली होती, सकाळी अकराच्या सुमारास. मुलं राणीसमोर ओरडली, मग तिचं बोलणं संपलं आणि शेवटचा पट्टा आला. पत्र्यापलीकडे शांत झालं. त्या शांततेत एक आवाज म्हणाला, "आले." मग दुसरा, "आलो." मग तिसरा.

पूर्वीसारखी आरडाओरड नव्हती. आपण वाचत असतो, आतल्या खोलीतून आई काही विचारते, आपण मान वर न करता उत्तर देतो, तसे ते आवाज होते. मी सवयीने मोजले. बारा.

मला वाटलं सुगंधा त्यांना शिकवतेय, मला टोचायला. मी धावत धक्क्यावर गेले. ती दोरी धरून, वाकून आत बघत होती.

"तू सांगितलंस त्यांना?"

"मी तुला विचारनार होते," ती म्हणाली.

एक मुलगी चप्पल घालत बसली होती. मी वाकून विचारलं, "आत्ता तू आवाज कोणाला दिलास?"

"विचारलं ना."

"कोणी? राणीने?"

"नाही," ती म्हणाली. "राणी तर मागे राहिली."

नंतर ते रोज व्हायला लागलं. प्रत्येक फेरीत नाही. हिंदी गाणी म्हणत गेलेली कॉलेजची पोरं तशीच गात बाहेर यायची. पण होडी शांत असली की कोणीतरी आवाज द्यायचं आणि मग बाकीचेही द्यायचे. कल्याणजवळच्या मोहन्याचे एक गृहस्थ बायकोबरोबर आले होते, तिथल्या कारखान्यात आयुष्यभर मशीनवर उभे राहिलेले, कानाने अधू. त्यांनीही आवाज दिला. सुगंधाने विचारलं तर म्हणाले, "मी कुठे काय बोललो?" बायको म्हणाली, "बोललात. आलो म्हणालात." ते बराच वेळ बोगद्याकडे बघत उभे राहिले.

सोमवारी पार्क लोकांसाठी बंद असायचा. त्या सोमवारी दुपारी मी सुगंधाला म्हटलं, "तू केबिनमध्ये जा आणि बटण दाब. मी बसते."

तीन वर्षं मी त्या गुहेला आवाज दिला होता आणि एकदाही होडीत बसले नव्हते. बाहेर रणरणतं ऊन होतं. दुसऱ्या वळणावर ते मागे बंद झालं. रिकाम्या होडीत बसलं की पाण्याचा आवाज मोठा होतो. राणी आली, तिने माझ्याकडे बघितलं, तिची वाक्यं बोलली. मला ती सगळी पाठ होती, पण मी म्हटली नाहीत. मग ती मागे गेली आणि काहीच दिसेना.

आधी नुसती फितीची सळसळ होती. मग त्या सळसळीत एक जागा जरा जास्त दाट झाली. आवाज म्हणता येणार नाही असं काहीतरी. भिंतीपलीकडे कोणी बोलत असलं की शब्द कळत नाहीत, पण प्रश्न आहे हे कळतं, तसं. नंतर शब्दही कळले, कारण मला ते माहीत होते. *कोन कोन परत आयलं.* मी ओठ उघडले होते. आवाज आधीच बाहेर पडला होता.

होडी धक्क्याला लागली. सुगंधा केबिनमधून धावत आली.

"काय?"

"तुझी आई आहे."

तिने मला बाजूला केलं आणि होडीत बसली. मी केबिनमध्ये जाऊन बटण दाबलं आणि सात मिनिटं भिंतीला कान लावून उभी राहिले. राणी बोलली, राणी संपली. सुगंधाचा आवाज मला ऐकू आला नाही. मला वाटलं, तिला काही ऐकू आलं नाही. मी धक्क्यावर गेले तेव्हा ती होडीत वाकून बसली होती. उतरायला तिने बराच वेळ घेतला.

डेक दुरुस्त करणाऱ्या माणसाने मला नंतर उघडून दाखवलं. रेकॉर्ड करताना एक भाग जुनं पुसत जातो आणि दुसरा नवीन लिहीत जातो. आमच्या डेकचा पुसणारा भाग झिजला होता. "पाटी ओल्या फडक्याऐवजी सुक्या हाताने पुसल्यासारखं," तो म्हणाला. "वरचं ठळक असेल तिथे खालचं दिसत नाही. वरचं नसेल तिथे दिसतं." म्हणजे सगळ्याला कारण होतं. कारण कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं.

"खालचं वर आणता येईल?" मी विचारलं.

"नाही. आता दोन्ही एकच आहेत."

शेठच्या कानावर गेलं. ते एका दुपारी आले, कोणाशी न बोलता एकटेच होडीत बसले. मी टेप लावली. रिकाम्या पट्ट्यात मला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. नेहमीचा, कामगारांना ओरडणारा आवाज नव्हता. लहान मुलासारखे ते म्हणाले, "आयलो."

केबिनमध्ये येऊन त्यांनी रुमालाने मान पुसली. "हिरा आमच्या घरी म्हावरं घेऊन यायची, तवा मी शालेत पन जात नव्हतो," ते म्हणाले. मग टेबलावरच्या पाण्याचा पेला संपवला. "पुतन्याला दुसरी कॅसेट पाठवायला सांगतो. ती आली का ही नीट पूस. लोहचुंबक फिरव. काय ऱ्हायला नको."

"हो."

"लोक येतात ते मजा करायला येतात गं," ते म्हणाले. मला समजावल्यासारखं, किंवा स्वतःला.

दुसरी कॅसेट महिन्याभराने आली. मी तिच्यावर राणी चढवली, नव्या डेकवर. रिकाम्या पट्ट्यात पूर्ण शांतता झाली आणि लोक तिथे गप्पा मारायला लागले. शेठनी विचारलं, "पुसली?" मी म्हटलं, "पुसली." खोटं बोलताना माझ्या हाताला घाम आला नाही.

पुढच्या सोमवारी मी कळवा गावात सुगंधाच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. अंगणात जाळं वाळत घातलेलं, आत तिची मावशी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी कॅसेट दिली. मला माफी मागायची होती, मी वाक्यही तयार करून नेलं होतं. दुकानात मी का ऐकली नाही हे मी तिला त्या दिवशी सांगितलं, सगळं, मैत्रिणींचंसुद्धा. ती ऐकत होती. तिने 'असू दे' म्हटलं नाही. तिने पाट सरकवून दिला आणि टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं.

राणी बोलायला लागली. समुद्र, महाल, थांबलेले मासे. सुगंधाने आवाज वाढवला, एकदम शेवटपर्यंत. त्या छोट्या घरात राणी इतकी मोठ्याने बोलत होती की मावशीने झोपेत पांघरूण ओढलं. मग राणी संपली आणि खरखर उरली. सुगंधा पुढे वाकली. तिने डोळे मिटले नाहीत, भिंतीवरच्या फोटोकडेही बघितलं नाही. ती टेपरेकॉर्डरच्या जाळीकडे बघत होती.

हिराबाईंनी विचारलं.

मी सुगंधाकडे बघत होते. ती काही बोलली नाही. प्रश्न आला आणि गेला, फीत फिरून सुरुवातीला आली, राणी पुन्हा स्वागत करायला लागली. दुसऱ्या फेरीलाही ती गप्पच होती. तेव्हा मला कळलं की त्या सोमवारी गुहेतही तिने सगळं ऐकलं होतं.

"तू आवाज देत नाहीस," मी म्हटलं.

"नाय."

"का गं?"

तिने आवाज जरा कमी केला. "सगल्यांनी आवाज दिला का ती घरी जाते," ती म्हणाली. "मी नाय दिला तर थांबेल."

तिसऱ्या फेरीला रिकामा भाग आला तेव्हा माझ्या तोंडात तो शब्द पुन्हा आला होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि आम्ही दोघी न बोलता बसून राहिलो.